स्ट्रॉबेरीला रात्र लागते

“काका, शेजारच्यांनी ड्रॅगन फ्रूटच्या रानात रात्री लाइट लावलेत. मी स्ट्रॉबेरीवर बी लावू का?” परभणीजवळून पुतण्याचा फोन आला तो डिसेंबरात. पारा 10 अंशांच्या आसपास उतरलेला, सहाच्या आतच दिवस मावळायचा. वाढ थांबल्यासारखी वाटून तो हबकला होता. मी म्हटलं, मुळीच लावू नकोस.

रोपाला उजेड दोन कामांसाठी लागतो. एक अन्न बनवायला. त्यासाठी आपलं दिवसाचं लख्ख ऊन भरपूर झालं. दुसरं काम सांगाव्याचं. पानात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. लाल उजेडाने ते जागं होतं आणि अंधारात हळूहळू निवत जातं. त्यावरून रोपाला रात्रीची लांबी कळते. रोप रात्रीची लांबी मोजतं, हे 1938 साली अमेरिकेत हॅमनर आणि बॉनर या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, तेही कशावर, तर गोखरूवर! आपल्या बांधावरचं, काटेरी फळं कपड्यांना चिकटवणारं तेच तण. लांब रात्र मध्येच थोड्याशा उजेडाने तोडली, तर ते फुलायचंच नाही.

महाबळेश्वरहून येणारे ‘स्वीट चार्ली’, ‘विंटर डॉन’ हे वाणही याच स्वभावाचे. लांब रात्र आणि गारवा मिळाला की त्यांना कळ्या धरतात. थंडी 10 अंशांखाली गेली, तर दिवस केवढा आहे याचं त्यांना फारसं सोयरसुतक राहत नाही. उन्हाळ्यात दिवस लांबले, ऊन तापलं, की तेच रोप फुलं सोडून रनर, म्हणजे जमिनीवर पसरणारे लांब धुमारे, फेकत सुटतं. ड्रॅगन फ्रूटचं नेमकं उलटं आहे. त्याला फुलायला लांब दिवस हवा, म्हणून हिवाळ्यात दिव्यांनी रात्र तोडावी लागते.

जपानात स्ट्रॉबेरीवरही दिवे लावतात, पण कळ्या धरून झाल्यावर. तिथल्या कडक हिवाळ्यात रोप निजतं. देठ आखूड, पानं बारकी होतात. ती झोप मोडायला तो उजेड असतो. मराठवाड्यातली थंडी एवढी टिकतच नाही.

पुतण्याला म्हटलं, सकाळी मल्चिंगवर, म्हणजे वाफ्यावरच्या आच्छादनावर, वाकून मधली कोवळी पानं अलगद बाजूला कर आणि खोडाच्या गड्ड्यात बघ. दुसऱ्या दिवशी त्याने फोटो पाठवला. पानांच्या बेचक्यात, लव असलेल्या हिरव्या टोपणात, ज्वारीच्या दाण्याएवढ्या तीन कळ्या होत्या.