शोभेच्या आधी कामाची: फिशटँकमधल्या जिवंत झाडांची पार्श्वभूमी

सोलापुरात फिशटँकच्या दुकानात शिरलं की आधी डोळ्यांत भरतात ती प्लॅस्टिकची झाडं. जांभळी, गुलाबी, काही तर अंधारात चमकणारी. खरी झाडं मागितली की दुकानदार कोपऱ्यातल्या टबाकडे बोट दाखवतो आणि वर सांगतो, "नवीन हाय का टँक? मग प्लॅस्टिकचंच न्या, खरं जगत नाही." सल्ला मनापासूनचा असतो. पण काचेच्या टाकीत झाड पहिल्यांदा आलं ते मासा जगावा म्हणून. शोभेचा विचार फार नंतरचा.

पाण्यातली वनस्पती उजेडात प्राणवायू सोडते, हे डच डॉक्टर यान इंगेनहाऊझ यांनी १७७९मध्ये दाखवून दिलं. आपल्यापैकी बहुतेकांनी तोच प्रयोग शाळेत केलाय. चंचुपात्रात हायड्रिला, त्यावर उलटं नरसाळं, वर पाण्यानं भरलेली परीक्षानळी. ते पात्र उन्हात ठेवलं की देठाच्या तुटक्या टोकातून बुडबुड्यांची माळ सुटते. सोलापूरचं ऊन या प्रयोगाला कधी कमी पडलं नाही.

फिशटँकची खरी सुरुवात मात्र लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाची. १८५०च्या सुमारास त्यांनी १२ गॅलनच्या, म्हणजे साधारण ५५ लिटरच्या काचेच्या भांड्यात वाळू, चिखल, चुनखडीचे तुकडे टाकले, दोन छोटे गोल्डफिश सोडले आणि वॅलिस्नेरियाचं रोप लावलं. लांब, रिबिनीसारख्या पानांची ही वनस्पती. थोडे दिवस छान गेले. मग जुनी पानं कुजली, पाणी गढूळ झालं, काचेवर बुळबुळीत थर चढला. इथं बहुतेक जण टाकी रिकामी करतात. वॉरिंग्टननी पाच-सहा गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि पाणी निवळलं. झाड माशाला प्राणवायू देतं, मासा झाडाला खत आणि कार्बन डायऑक्साइड, उरलंसुरलं गोगलगाय खाते. सगळा हिशेब एका भांड्यात.

ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५मध्ये उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झालेली. १८५३मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि पुढच्याच वर्षी निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकानं 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घरोघरी पोचवला. आपल्याकडे मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय आलं ते १९५१मध्ये.

मग विजेचा पंप आला आणि झाडाची नोकरी गेली. हवा पंपानं मिळते म्हटल्यावर झाड उरलं फक्त सजावटीला, आणि सजावटच करायची तर प्लॅस्टिक काय वाईट? याचं उत्तर इकडे भारनियमनाच्या वर्षांत मिळालं. उन्हाळ्यात भरदुपारी वीज गेली की पंप बंद आणि मासे पृष्ठभागावर तोंड उघडून. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. आपल्याकडे मे महिन्यात टाकीतलं पाणी त्याहून गरम. भरपूर झाडं असली तर दिवस निभावतो. रात्री मात्र झाडंही प्राणवायू घेतात, तेव्हा रात्रीची वीज गेली तर झाडांचा भरवसा नाही.

झाडांना मान परत मिळाला तो दोन वाटांनी. हॉलंडमध्ये १९३०च्या दशकापासून बागेच्या वाफ्यांसारख्या टाक्या लावू लागले. जपानच्या ताकाशी अमानोंनी दगड, लाकूड आणि हिरवळ यांतून पाण्याखाली निसर्गचित्रंच उभी केली. त्यांची कंपनी १९८२ची. मोबाइलवर दिसणारे हिरवे गालिचे त्याच परंपरेतले. पण त्यामागे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, महागडी माती आणि तीव्र दिवे असतात. नवशिका तो गालिचा बघून रोपं आणतो आणि महिन्याभरात "खरं जगत नाही"च्या पक्षात जातो.

गंमत म्हणजे या धंद्यातली कितीतरी झाडं आपल्याच डबक्यांतली. आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणून मोकळे होतो, त्यात हायड्रिलाही आली. तीच हायड्रिला १९५०च्या दशकात टँकसाठी म्हणून अमेरिकेत गेली आणि फ्लोरिडाचे कालवे तुंबवून बसली. बाजारात 'अंबुलिया' नावानं विकली जाते ती लिम्नोफिला. मराठीत तिला आधीपासून अंबुलीच म्हणतात.

सोलापूरकराला मी तरी वॉरिंग्टनचीच वॅलिस्नेरिया सुचवेन. आपलं बोअरचं पाणी जड. त्यात कित्येक नाजूक झाडं रुसतात, हिला ते चालतं, कारण जड पाण्यातल्या बायकार्बोनेट क्षारांमधूनही ती कार्बन घेऊ शकते. नळाचं पाणी वापरायचं तर ते काही दिवसांआड येतं, म्हणून घरोघरी पिंप भरलेलं असतंच. उघड्या पिंपात क्लोरीन बराचसा उडून जातो. पाणीटंचाईचा एवढा एक फायदा.

लावताना मुळं वाळूत आणि पानांचा बुडखा वाळूच्या वर राहू द्यायचा. तो गाडला की कुजतो. पश्चिमेच्या खिडकीत टँक नको, काच हिरवी होते. माझ्या रोपांची सगळी पानं पहिल्या पंधरवड्यात विरघळली होती. उपटून फेकणारच होतो, पण त्या दिवशी नळाला पाणी आलं आणि पिंपं भरण्यात ते राहून गेलं. पुढच्या पाळीला बघतो तर बुडख्यातून वाळूवरनं एक पांढरट धावतं खोड निघालेलं, आणि त्याच्या टोकाला बोटाच्या पेराएवढं नवं रोप.