पाळीव प्राण्यांतील आणीबाणीची लक्षणे

कुत्र्यामांजरांचे दुखणे सकाळपर्यंत थांबेल की रात्रीच पशुवैद्य गाठावा लागेल, हे ठरवण्यासाठी पाहायच्या खुणा. अपघात, वाहते रक्त, फिट यांबाबत कोणाला सांगावे लागत नाही. फसगत होते ती गप्प पडून राहणाऱ्या जनावराच्या बाबतीत. मांजर तर दुखणे लपवण्यात पटाईत. खाणे सोडून पलंगाखाली जाऊन बसलेले मांजर रुसलेले नसते, बहुधा आजारी असते.

आधी हिरड्या पाहाव्यात. निरोगी हिरडी गुलाबी व ओलसर असते. बोटाने दाबून सोडली की पांढरा पडलेला ठिपका २ सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो. त्याहून वेळ लागला किंवा हिरडी पांढुरकी, निळसर अथवा विटकरी दिसली, तर वाट पाहू नये. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. तेथे खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा. झोपेतला श्वास मिनिटाला साधारण ३०च्या आत हवा. कुत्र्याने जीभ काढून धापणे नेहमीचे, पण मांजर तोंड उघडून धापू लागले तर ते संकटच समजावे.

सर्वांत घातक गैरसमज बोक्याच्या बाबतीत होतो. तो पुन्हापुन्हा मातीच्या ट्रेमध्ये बसतो, कुंथतो, ओरडतो, मागचा भाग चाटतो. घरच्यांना वाटते, शौचाला होत नाही. खरे तर त्याचा अरुंद मूत्रमार्ग खड्यांनी किंवा चिकट गाळाने तुंबलेला असू शकतो. लघवी अडली की रक्तात पोटॅशियम साचते आणि दोन-तीन दिवसांत हृदय बंद पडू शकते. ट्रेमधली माती कोरडी असेल, तर त्याच रात्री दवाखाना गाठावा.

ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून उमाळे येत असतील आणि बाहेर काहीच पडत नसेल, तर जठराला पीळ पडल्याची शंका घ्यावी. येथे घरगुती उपाय नाही. शस्त्रक्रियाच करावी लागते.

विषबाधेत लक्षणांची वाट पाहणे महागात पडते. ब्रोमॅडिओलोन असलेले उंदीरनाशक खाल्लेला कुत्रा काही दिवस ठणठणीत दिसतो, मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. वेळीच दिलेले व्हिटॅमिन के त्याला वाचवते. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरू शकते. औषधाचे पाकीट सोबत न्यावे.

उष्माघात (शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा वर) मात्र वेगळा: आधी नळाचे पाणी व पंखा, मग प्रवास. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना हा धोका अधिक.

सर्पदंशात साप शोधण्यात वेळ घालवू नये. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर चालणारी एकच प्रतिविष लस भारतात वापरतात, म्हणून साप ओळखू आला नाही तरी उपचार अडत नाहीत.