बुडणाऱ्याला नुसता दोर का पुरत नाही?

डिसेंबरातल्या पहाटे गार पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेतला की तोंडातून 'हाऽऽ' निघतंच. कितीही ठरवा, आवरत नाही. या 'हाऽऽ'पायी माणसं बुडतात. थंड पाण्यात माणूस गारठून मरतो, असं शिकलेसवरलेलेही मानतात. पण गारठायला वेळ लागतो, आणि पुष्कळ जण त्याआधीच बुडालेले असतात.

२६ डिसेंबर १८७२, अमेरिकेतलं नॉरफोक बंदर. वायव्येचा सोसाट्याचा वारा, बर्फाळ पाऊस. 'पाउहॅटन' या नौदलाच्या जहाजावरून बोसन वॉल्टन (बोसन म्हणजे आपल्याकडचा सारंग) पाण्यात पडला. जोसेफ नोइल हा कृष्णवर्णीय खलाशी तेव्हा खालच्या मजल्यावर होता. ओरडा ऐकून तो वर धावला, दोराचं टोक धरून जहाजाच्या नाळेखाली (म्हणजे पुढच्या टोकाखाली) उतरला आणि होडी येईपर्यंत त्याने वॉल्टनला धरून ठेवलं. वॉल्टन बुडायलाच आला होता, वर घेतला तेव्हा जवळजवळ बेशुद्ध.

दोर होता, मग वरूनच का नाही टाकला?

थंडी ओळखणारी चेताग्रं त्वचेत अगदी वरवर असतात. त्वचा झटक्यात गार पडली की ती सगळी एकदम मेंदूतल्या श्वसनकेंद्राला हाकाटी करतात. एका दमात दोन-तीन लिटर हवा आत ओढली जाते. तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी. पुढची एक-दोन मिनिटं नुसती धाप. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय धावू लागतं. त्याच वेळी चेहरा बुडालेला असेल तर मेंदूकडून हृदयाकडे जाणारी व्हेगस चेता हृदयाला उलट हुकूम देते: 'हळू!' या ओढाताणीत ठोक्यांची लय बिघडू शकते.

यातून निभावलं तर पाळी हातांची. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २४ पट. मनगटापुढे चरबी जवळजवळ नाहीच. चेतातंतू गार झाले की संदेश मंदावतात, स्नायू आखडतात, दहा-पंधरा मिनिटांत बोटं मिटेनाशी होतात. शरीराच्या गाभ्याचं तापमान तेव्हा फारसं उतरलेलंही नसतं! पट्टीचा पोहणाराही इथे हरतो. अशा हातात दोर पडला काय आणि न पडला काय. नोइल नुकताच खालून आला होता. त्याची बोटं अजून मिटत होती. वॉल्टनची शुद्ध हरपत होती ती थंडीने नव्हे, नाकातोंडात गेलेल्या पाण्याने, असं मला वाटतं.

आणि हो, अशा माणसाला 'गरमी'साठी ब्रँडी पाजू नका. तिने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. ऊब जाणवते, पण शरीरातली उष्णता बाहेर जाते. त्या काळचे खलाशी तर बुडू नये म्हणून एखादं बाळ जन्मताना डोक्यावर गर्भपिशवीचा जो पातळ पापुद्रा घेऊन येतं, तो वाळवलेला विकत घेऊन ताईतासारखा जवळ बाळगत.

नोइलला मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं शौर्यपदक मिळालं. तेव्हा ते शांतताकाळातल्या शौर्यालाही देत. १८८२ मध्ये वॉशिंग्टनच्या सरकारी मनोरुग्णालयात तो वारला. थडग्यावर नाव कोरलं गेलं 'नोएल', पदकाचा उल्लेखच नाही. बरोबर नावाचा दगड बसला तो २०१६ साली.