स्मॉल सेल फुप्फुस कर्करोग : आनुवंशिकतेच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

फुप्फुसाच्या कर्करोगांपैकी साधारण १३ ते १५ टक्के कर्करोग 'स्मॉल सेल', म्हणजे लघुपेशी प्रकारचे असतात. हा प्रकार इतक्या वेगाने पसरतो की निदान होते तेव्हा बहुतेक रुग्णांत तो छातीबाहेर पोहोचलेला असतो आणि शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते. धूम्रपानाशी त्याचे नाते एवढे घट्ट आहे की आयुष्यात कधीच धूम्रपान न केलेला रुग्ण क्वचितच आढळतो. तरीही धूम्रपान करणाऱ्या बहुसंख्य लोकांना हा रोग होत नाही. मग तो नेमका कोणाला होतो आणि त्यात जन्मतः मिळालेल्या जनुकांचा काही वाटा असतो का, हा प्रश्न संशोधकांनी गांभीर्याने हाती घेतला तो फार उशिरा.

मुळात या रोगाची ओळख पटायलाच वेळ लागला. १८७९ मध्ये सॅक्सनीतील श्नीबर्गच्या खाणकामगारांच्या छातीत आढळलेल्या गाठींना लसिका ऊतींचा सार्कोमा (अवयवांच्या अस्तराऐवजी त्यांना जोडणाऱ्या, आधार देणाऱ्या ऊतींतून उगवणारी घातक गाठ) मानले गेले होते. पुढे कित्येक वर्षे दोन्ही फुप्फुसांमधल्या जागेतील अशा गाठींना 'ओट सेल सार्कोमा' म्हणत, कारण सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पेशी ओटच्या दाण्यांसारख्या लांबट, गडद आणि एकमेकींना चिकटून दाटीने बसलेल्या दिसत. हा सार्कोमा नसून फुप्फुसातच उगम पावणारा कर्करोग आहे, हे १९२६ मध्ये बर्नार्ड यांनी दाखवून दिले.

आनुवंशिकतेचा मुद्दा या चर्चेत आला तो मात्र चुकीच्या दारातून. १९५० मध्ये इंग्लंडमध्ये डॉल व हिल यांनी आणि अमेरिकेत विंडर व ग्रॅहम यांनी सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध मांडला. संख्याशास्त्र आणि आनुवंशिकी या दोन्ही क्षेत्रांतले मोठे नाव असलेल्या रोनाल्ड फिशर यांनी १९५८ मध्ये त्यावर आक्षेप घेतला. एकच जनुकीय घडण माणसाला सिगारेटकडेही ओढत असेल आणि कर्करोगाकडेही, तर सिगारेटला कारण कसे म्हणायचे, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि त्यासाठी त्यांनी जुळ्यांच्या धूम्रपानाच्या सवयींचा आधार घेतला. फिशर त्या काळात तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागारही होते. युक्तिवाद टिकला नाही. पण फुप्फुसाच्या कर्करोगात 'आनुवंशिकता' हा शब्द त्यानंतर बराच काळ पळवाटेसारखा ऐकू येत राहिला असावा, असे मला वाटते. १९६३ मध्ये टोकुहाता आणि लिलिएनफेल्ड यांनी धूम्रपानाचा हिशेब धरूनही रुग्णांच्या नातेवाइकांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जास्त असल्याचे दाखवले होते. त्या निरीक्षणाचा पाठपुरावा व्हावा तसा झाला नाही.

पुढचा धागा मिळाला तो गाठीच्या आतून. १९८२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत जॅकलिन व्हँग-पेंग आणि सहकाऱ्यांना या कर्करोगाच्या पेशींत तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड बाहूचा तुकडा वारंवार गायब असल्याचे दिसले. १९८८ मध्ये आरबी-१ हे पेशींच्या बेसुमार वाढीला लगाम घालणारे जनुक या पेशींत बिघडलेले सापडले आणि १९८९ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगांत टीपी-५३ या तशाच दुसऱ्या जनुकातले दोष समोर आले. आरबी-१ ची गोष्ट विशेष आहे. हे जनुक मुळात लहान मुलांच्या डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगामुळे माहीत झाले होते आणि त्यातला दोष काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. अशा घराण्यांतील दोषवाहक मोठेपणी धूम्रपान करू लागले तर त्यांच्या फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो, असेही आढळले. म्हणजे वारशाने आलेला एक दोष आणि सिगारेट हातात हात घालून काम करतात, याचे हे ठळक उदाहरण होते. २००३ मध्ये उंदरांच्या फुप्फुसात आरबी-१ आणि टीपी-५३ ही दोन जनुके निकामी केल्यावर हुबेहूब हाच कर्करोग उद्भवला.

२००८ मध्ये तीन संशोधनगटांनी पंधराव्या गुणसूत्रावरील एकाच जागेकडे बोट दाखवले. तिथे पेशीवरील निकोटिनचे ग्राहक, म्हणजे निकोटिन ज्यांना चिकटते ते रेणू, घडवणारी जनुके आहेत. तिथला बदल असणारी माणसे दिवसाला जास्त सिगारेट ओढतात आणि त्यांचा कर्करोगाचा धोकाही काहीसा वाढतो. फिशर यांना हे वाचून आनंद झाला असता, पण फार काळ नाही: या बदलाने धोका सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो, तर सिगारेटने कित्येक पटींनी.

त्यानंतर संपूर्ण जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, वाचणे शक्य झाले. २०१० मध्ये एका रुग्णाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या लघुपेशी वंशातील डीएनए वाचला गेला, तेव्हा त्यात २२,९१० ठिकाणी अक्षरे बदललेली निघाली. सरासरी १५ सिगारेटींमागे एक बदल, असा अंदाज त्यावरून मांडला गेला. २०१५ मध्ये ११० गाठींचे जीनोम प्रसिद्ध झाले आणि टीपी-५३ व आरबी-१ जवळपास प्रत्येक गाठीत निकामी असल्याचे स्पष्ट झाले. एवढ्या गाठी जमवणेही सोपे नव्हते. शस्त्रक्रिया क्वचित होत असल्याने हाती येतो तो सुईने काढलेला चिमूटभर तुकडा, आणि त्यातल्याही पेशी अनेकदा चिरडलेल्या असतात.

पण हे सारे बदल रुग्णाच्या हयातीत गाठीत घडलेले होते. जन्मतः सोबत आलेल्या बदलांसाठी गाठ नव्हे, तर निरोगी पेशींतला डीएनए तपासावा लागतो. २०२१ मध्ये राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात ८७ रुग्णांपैकी ३८ जणांत, म्हणजे सुमारे ४४ टक्क्यांत, असे घातक जन्मजात बदल आढळले. निरोगी लोकांच्या तुलनेत आरएडी५१डी, सीएचईके१, बीआरसीए-२ आणि एमयूटीवायएच या जनुकांत ते अधिक प्रमाणात होते, आणि ही सगळी डीएनएची देखभाल व दुरुस्ती यांच्याशी संबंधित जनुके आहेत. ८७ हा आकडा लहान आहे, त्यामुळे टक्केवारी जपून वाचायला हवी. तरी असे बदल असलेल्या रुग्णांच्या जवळच्या नात्यात कर्करोग अधिक होता आणि प्लॅटिनमयुक्त केमोथेरपीनंतर त्यांचा रोग पुन्हा उद्भवायला जास्त काळ लागला. रोग पुन्हा उद्भवलेल्या एका रुग्णात बीआरआयपी-१ या दुरुस्ती-जनुकाचा जन्मजात दोष होता. नेमक्या त्या दोषाचा फायदा उठवणारी औषधे त्याला दिल्यावर गाठींनी लक्षणीय प्रतिसाद दिला.