आशाताई आल्या कुठून? जामखेड ते गडचिरोली व्हाया मांडवा

२०२४ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या आझाद मैदानावर गावोगाव आरोग्याचं काम करणाऱ्या, राज्यभरातल्या आशा ठिय्या देऊन बसल्या होत्या. मानधनवाढीची घोषणा आदल्या वर्षीच झाली होती, जीआर मात्र निघत नव्हता; म्हणून जानेवारीपासून पुन्हा संप. अखेर मार्चमध्ये मंत्रिमंडळाने दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. बातम्या तिथेच थांबल्या. पैशांचा प्रश्न खरा आहेच, पण या भांडणाची मुळं पन्नास वर्षं मागे जातात, आणि ती बरीचशी महाराष्ट्राच्याच मातीत आहेत. गावातल्याच बाईला शिकवून गावाचं आरोग्य तिच्या हाती द्यायचं, हे इथल्या काही डॉक्टरांनी करून दाखवलं. सरकारने ते उचललं तेव्हा कामांची यादी तेवढी उचलली. त्या कामामागचा अधिकार आणि आधार मागेच राहिला, असं माझं मत आहे.

सुरुवात भोर समितीपासून करायला हवी. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. ऐपत नाही म्हणून कुणी उपचारावाचून राहता कामा नये, हे त्यातलं तत्त्व. तातडीची शिफारस होती दर ४०,००० लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. १९५२ पासून केंद्रं उभी राहू लागली. इमारती झाल्या, पाट्या लागल्या, डॉक्टर मात्र तालुक्याच्या गावी राहून येऊन-जाऊन करायचे. नर्सबाईंच्या वाट्याला इतकी गावं यायची की त्यांचं तोंड दिसणं हीच बातमी. सरकारी व्यवस्था गावाच्या वेशीपर्यंत आली, उंबरठ्याच्या आत काही शिरली नाही.

उंबरठ्याच्या आत शिरायचा मार्ग सापडला तो जामखेडला. नगर जिल्ह्यातला (आताचा अहिल्यानगर) हा कायम दुष्काळी तालुका. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरला शिकलेलं, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन आलेलं. १९७० मध्ये त्यांनी जामखेडला प्रकल्प सुरू केला. त्यांचा पहिला बेत चारचौघांसारखाच होता: शिकलेल्या नर्स गावोगाव ठेवायच्या. तो फसला. परक्या गावात एकटीने राहणं नर्सना अवघड, आणि गावकऱ्यांनाही त्या परक्याच. मग गावातलीच बाई निवडायची ठरलं. निवड गावाने करायची, शिक्षणाची अट नाही. आलेल्या बायका बहुतेक निरक्षर, त्यातल्या कित्येक दलित वस्तीतल्या, कुणी परित्यक्ता.

दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या. एकत्र जेवण, एकत्र मुक्काम. सत्तरच्या सुरुवातीच्या मराठवाड्यालगतच्या खेड्यात वेगवेगळ्या जातींच्या बायकांनी एका पंगतीत बसणं हा प्रशिक्षणाचा निम्मा भाग होता, असं म्हटलं तरी चालेल. बाकीचा निम्मा म्हणजे हगवण लागलेल्या पोराला साखर-मिठाचं पाणी कसं पाजायचं, गरोदरपणात काय बघायचं, बाळंतपणात हात आणि ब्लेड कसं स्वच्छ ठेवायचं. गावी परतल्यावर तिला एकटं सोडलं जायचं नाही. फिरतं पथक गावात यायचं आणि अवघड रोगी जामखेडच्या दवाखान्यात न्यायचं. गावातल्या पुरुषांची शेतकरी मंडळं आणि बायकांची महिला मंडळं तिच्या पाठीशी उभी केलेली. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा प्रकल्पाने औषधांइतकंच लक्ष पाण्यावर दिलं. कूपनलिका दलित वस्तीत घेतल्या, म्हणजे बाकीच्या गावाला पाण्यासाठी तिकडेच यावं लागणार. आरोग्य प्रकल्पाने हे करावं यावर तेव्हा नाकं मुरडणारेही असणारच. पण हगवणीचं मूळ कुठे आहे हे आरोळ्यांना नीट कळलं होतं.

१९७१ मध्ये त्या गावांत हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ मध्ये हा आकडा ५२ वर आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगभरातल्या अशा प्रयोगांचं संकलन काढलं, त्यात जामखेड होतं. तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आता शहरी झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ‘२००० सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली. त्यामागे जी मोजकी उदाहरणं होती, त्यांत जामखेडचं नाव घेतलं जातं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्याच दशकात महाराष्ट्रात इतरत्रही असेच प्रयत्न चालू होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी वढूच्या परिसरात गावातल्या कार्यकर्त्या तयार केल्या. त्यांना १९९३ मध्ये मॅगसेसे मिळालं. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) कासा इथे आदिवासी पाड्यांतल्या मुलांच्या पोषणावर काम झालं. या सगळ्यांत कमी सांगितली जाते ती मांडव्याची गोष्ट. मुंबईतले नामवंत प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंटिया यांनी अलिबागजवळच्या मांडवा भागात जेमतेम शिकलेल्या बायकांना तयार केलं. क्षयरोगाचे आणि कुष्ठरोगाचे रुग्ण हुडकणं, त्यांच्या गोळ्या चुकू न देणं ही कामं त्यांनी डॉक्टरांना लाजवेल इतकी चोख केली. प्रकल्प मात्र गुंडाळावा लागला. कारण वैद्यकीय नव्हतं. बायका शहाण्या झाल्या की प्रश्न विचारतात, आणि ते स्थानिक पुढाऱ्यांना मानवलं नाही. मला वाटतं, सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्याला जामखेडच्या यशाबरोबर मांडव्याचं हे अपयशही शिकवायला हवं.

सरकारने पहिला मोठा प्रयत्न केला तो जनता पक्षाच्या राजवटीत. राजनारायण आरोग्यमंत्री असताना, २ ऑक्टोबर १९७७ ला, हजार लोकवस्तीमागे एक आरोग्यरक्षक नेमायची योजना आली. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, औषधांची पेटी आणि महिना ५० रुपये. पन्नास रुपये तेव्हा अगदीच किरकोळ नव्हते, त्यामुळे नेमणुका कुणाच्या होणार हे सांगायला ज्योतिषी नको. बहुतेक ठिकाणी पुरुष लागले, त्यांत वजनदार घरांतले बरेच. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष कसा शिरणार, याचा विचार केल्याचं दिसत नाही. योजनेचं नाव बदललं, ती कुटुंब कल्याणाच्या खात्यात गेली, आणि हळूहळू विझली.

गडचिरोली हा या इतिहासातला दुसरा टप्पा, आणि विज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत भक्कम. चंद्रपूरमधून १९८२ मध्ये वेगळा झालेला हा जिल्हा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये तिथे गेले आणि ‘सर्च’ संस्थेचं काम सुरू झालं. पहिला धक्का राणी बंग यांच्या अभ्यासाने दिला. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली, तर ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होते. १९८९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. सरकारी आरोग्यसेवा तोवर बाईकडे बघायची ती गरोदरपण आणि कुटुंबनियोजन एवढ्यापुरतीच. तिला एरवीही दुखतं, हे आकड्यानिशी मांडावं लागलं.

नंतर बालमृत्यू. १९८८ च्या सुमारास तिथे हजारामागे १२१ अर्भकं दगावत होती, आणि न्यूमोनिया मोठा मारेकरी होता. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. पण ज्या सुईणीला शंभरपर्यंत मोजता येत नाही, तिने काय करायचं? सर्चने एक साधी पाटी बनवली. तारेत ओवलेले मणी आणि शेजारी मिनिटभराचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. तान्ह्या बाळासाठी एक ओळ, थोड्या मोठ्या मुलासाठी दुसरी. वाळू संपायच्या आत ओळीतला शेवटचा, लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. औषध सुरू करायचं. स्टेथोस्कोप नाही, आकडेमोड नाही. निदान करणारी बाई निरक्षर आहे याने काही अडत नाही, हे त्या पाटीने दाखवून दिलं.

तरीही पहिल्या महिन्यातली बाळं जातच होती. बहुतेक बाळंतपणं घरीच व्हायची. बाळ-बाळंतीण कोंदट अंधाऱ्या खोलीत, बाहेर काढायची नाही. १९९५-९६ मध्ये सर्चने ७६३ नवजात बाळांवर नजर ठेवली. निम्म्याहून अधिक बाळांना उपचाराची गरज होती, आणि दवाखान्याचं तोंड पाहिलं ते फक्त २.६ टक्के बाळांनी. बाळ दवाखान्यात येत नसेल तर दवाखाना बाळाच्या घरी न्यायचा, हा पुढचा सरळ तर्क. ३९ गावांत आरोग्यदूत नेमल्या, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या. त्या बाळंतपणाला हजर राहायच्या, पहिल्या महिन्यात पुन्हा पुन्हा घरी जायच्या. बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, ऊबदार पिशवीत गुंडाळायचं, आईला अंगावर पाजायला मदत करायची. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर आई-बापांच्या लेखी संमतीने जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही द्यायचं. हे शेवटचं ऐकून तेव्हा अनेक डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. पण दर पंधरा दिवसांनी पर्यवेक्षक येऊन त्यांचं काम तपासत होता, आणि आकडे समोर होते: तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. डिसेंबर १९९९ मध्ये हेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं.

केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीचा कार्यक्रम देशभर स्वीकारला तो २०११ मध्ये. मधली बारा वर्षं मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या दर पावसाळ्यात येत राहिल्या.

दरम्यान १२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं होतं आणि आशा आल्या होत्या. छत्तीसगडच्या ‘मितानिन’ या गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांच्या योजनेचा अनुभवही त्यामागे होता. अटी कागदावर चांगल्या: गावातलीच बाई, वय २५ ते ४५, आठवी पास, निवड ग्रामसभेने करायची. पन्नास रुपयेवाल्या पुरुष आरोग्यरक्षकाचा धडा घेतला होता म्हणायचा. पण आशाला कर्मचारी म्हणायचं नाही, ‘स्वयंसेविका’ म्हणायचं. पगार नाही, कामागणिक मोबदला. बाळंतीण दवाखान्यात नेली की इतके, लसीकरणाच्या दिवसाचे तितके, नवजात बाळाच्या सगळ्या गृहभेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा भेटी: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी जन्मलेल्याला पहिल्या दिवशीची एक जादा. एक भेट हुकली की पूर्ण रकमेवर प्रश्न.

आरोग्यदूत आणि आशा यांच्यातला फरक इथे दिसतो. वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ, ऊबदार पिशवी हे सगळं आशाच्या किटमध्ये आलं. इंजेक्शन आलं नाही. आजारी बाळ दिसलं की पुढे पाठवायचं, एवढाच तिला अधिकार. पुढे म्हणजे कुठे, आणि गडचिरोलीतल्या भामरागडच्या आतल्या पाड्यावरून नाल्याला पूर असताना कसं, हे किटमध्ये नाही. तिच्यावर देखरेख करणारी गटप्रवर्तक वीस-पंचवीस आशा सांभाळते, आणि तिचा बराचसा वेळ अहवाल गोळा करण्यात जातो. जामखेडची कार्यकर्ती गावाला उत्तर द्यायची. आशा उत्तर देते प्राथमिक आरोग्य केंद्राला, तेही रकान्यांतून.

मनाच्या आरोग्याचंही असंच झालं. शेतकरी आत्महत्यांच्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत २०११ नंतर ‘विश्राम’ नावाचा प्रयोग झाला. गावातल्याच साध्या माणसांना समुपदेशन शिकवलं, गंभीर रुग्णांसाठी मागे डॉक्टर ठेवले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्क्यांवर गेले. राज्य सरकारने २०१५-१६ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला, आणि घरोघर जाऊन नैराश्याची प्रश्नावली भरून घ्यायचं काम आलं आशांकडेच. कर्ज बुडालेल्या माणसाला ‘झोप लागते का, जगावंसं वाटतं का’ हे विचारायचं, तर आधी त्याच्या ओसरीवर तासभर बसावं लागतं. फॉर्मवर त्या तासाचा रकाना नाही. कोरोनात तर विचारूच नका: ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या त्याही बहुतांशी आशाच, आणि जून २०२१ मध्ये त्यांना संपावर जावं लागलं.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा सगळ्यांनी अभिनंदनाचे फलक लावले. त्याच्या नऊ वर्षं आधी, २०१३ मध्ये, केंद्र सरकारनेच बोलावलेल्या भारतीय श्रम परिषदेच्या ४५ व्या अधिवेशनाने आशा, अंगणवाडी आणि पोषण आहाराच्या कामातल्या बायकांना कामगार म्हणून मान्यता द्या, किमान वेतन द्या आणि सामाजिक सुरक्षा द्या, अशी शिफारस केली होती. सरकार, मालक आणि कामगार संघटना या तिघांच्या संमतीने केलेल्या त्या शिफारशीवर केंद्राने अजून अंमल केलेला नाही. मोबदल्याचे दर तेवढे अधूनमधून वाढतात, आणि त्या वाढीचा जीआर निघावा म्हणून पुन्हा संप करावा लागतो.