लेदरचा सोफा घरी आल्यावर

आमच्याकडे दुरुस्तीला येणारे बरेचसे लेदरचे सोफे वापरून खराब झालेले नसतात, चुकीच्या पद्धतीने पुसून खराब झालेले असतात. हौसेने आणलेली वस्तू घरची मंडळी जिवापाड जपतात आणि त्या जपण्याच्या भरात खोबरेल तेल, कपड्यांची पावडर, लिंबू, दूध, सॅनिटायझर असं काहीबाही तिच्यावर चोळलं जातं. विक्रीच्या वेळी आम्ही सगळं तोंडी सांगतोच. पण सोफा घेणारं माणूस एक आणि रोज पुसणारं दुसरं, असं बहुतेक घरांत असतं. हे पत्रक जो पुसतो त्याच्या हातात द्या.

आपल्याकडे नेमकं काय आहे?

सीटची चेन उघडा किंवा सोफ्याच्या खालच्या बाजूची कड उलटी करून पाहा. मागून विणलेलं कापड दिसलं तर ते रेक्झिन किंवा लेदरेट, म्हणजे नकली लेदर. मऊ, केसाळ तंतू दिसले तर ते खरं कातडं. वासावर जाऊ नका, वास रेक्झिनलाही देता येतो. पुष्कळ सोफ्यांत अंग टेकतं तेवढ्या भागालाच लेदर असतं आणि बाजू व पाठ त्याच रंगाच्या रेक्झिनची असते. यात फसवणूक नाही, फक्त ते गिऱ्हाइकाला आधी सांगायला हवं. आमच्या बिलावर कोणत्या भागाला काय लावलंय ते लिहिलेलं असतं, तेवढं एकदा वाचा.

हे पाहायचं कारण असं की लेदरेटला कंडिशनरचा, म्हणजे लेदर मऊ ठेवणाऱ्या क्रीमचा, काही उपयोग नाही. त्याचा वरचा थर प्लॅस्टिकच्या जातीचा असतो आणि दमट हवेत काही वर्षांनी त्याचे पापुद्रे सुटू लागतात. कातड्याचा भुगा चिकटवून केलेल्या बॉन्डेड लेदरचीही तीच गत. पापुद्रे सुटायला लागले की त्यावर कोणतंही क्रीम चोळून ते थांबत नाही. तिथे पैसे घालू नका, नवीन कव्हर चढवणं हाच उपाय.

खऱ्या लेदरवर, न दिसणाऱ्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाका. थेंब तसाच राहिला तर वर रंगाचा आणि संरक्षणाचा थर आहे. आपल्याकडचे बहुतेक सोफे असेच असतात आणि रोजच्या घरात तेच सोयीचे. थेंब लगेच मुरून जागा गडद झाली तर ते उघडं, नैसर्गिक लेदर. ते दिसायला देखणं, पण डाग फार चटकन धरतं.

तेल लावू नका

सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कोल्हापुरी चपलेला तेल लावायची सवय आपल्या हाडीमासी मुरलेली आहे, आणि चपलेच्या बाबतीत ती योग्यही आहे. ते कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, वर कसला थर नसतो, त्यामुळे ते तेल पितं. सोफ्याचं लेदर बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात आणि त्यावर रंगाचा थर चढवतात. तेल त्या थरातून आत जात नाही. ते वरच राहतं, धूळ धरतं, खवट होतं आणि शिलाईच्या भोकांतून फोममध्ये उतरतं. बुटाचं पॉलिशही नको, त्याचा रंग पांढऱ्या शर्टावर उतरतो.

डोक्याचं तेलही तेवढंच वाईट. डोकं टेकतं तिथला रंग आधी काळपट आणि मग चिकट होतो. तेल लावून बसायची सवय असेल तर तिथे सुती नॅपकिन टाका आणि तो आठवड्याला धुवा. दिसायला साधं वाटेल, पण सोफ्याचं आयुष्य यानेच वाढतं.

साबण आणि हळद

लेदर स्वभावाने किंचित आम्लधर्मी असतं, साबण आणि कपड्यांची पावडर अल्कधर्मी. रोज साबणाच्या पाण्याने पुसलं की वरचा थर कमजोर होतो, लेदर कोरडं पडतं आणि घडीच्या जागी भेगा येतात.

सांगलीत हळदीचा डाग हा तर घरचाच विषय. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे घराघरात माहीत आहे. साबणानेही तेच होतं, पिवळा डाग लालसर तपकिरी होऊन बसतो. म्हणून हळद सांडली तर आधी कोरड्या कापडाने उचलून घ्या, मग साध्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने टिपा. उरलेला फिका पिवळेपणा घरातल्या उजेडाने हळूहळू कमी होतो, कारण हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. घाई करून घासू नका.

नेहमीची सफाई

आठवड्यातून एकदा कोरडं, मऊ सुती कापड. जुना बनियन उत्तम. फटींमध्ये व्हॅक्यूमचा ब्रश फिरवा, कारण तिथे साचलेली कच प्रत्येक बसण्याबरोबर लेदर घासते. तीन-चार महिन्यांनी लेदरचा क्लीनर वापरा, तोही कापडावर घेऊन, सोफ्यावर ओतून नव्हे. बोअरचं पाणी वापरू नका, क्षारांचे पांढरे डाग राहतात. पिण्याचं फिल्टरचं पाणी घ्या.

कंडिशनर वर्षातून दोनदा पुरे: दिवाळीनंतर एकदा आणि उन्हाळा लागायच्या आधी मार्चमध्ये एकदा. भर पावसाळ्यात लावू नका.

ऊन, कूलर, पाऊस

पश्चिमेच्या खिडकीतलं दुपारचं ऊन थेट पडत असेल तर पडदा लावा, नाहीतर एका बाजूचा रंग उडतो. कूलरची ओली हवा सोफ्यावर येऊ देऊ नका. भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा. डिलिव्हरीचं प्लॅस्टिक सोफ्यावर तसंच ठेवणारी घरं आम्ही पाहतो. ते पहिल्याच दिवशी काढा, त्याखाली दमटपणा अडकतो आणि बुरशी धरते.

बुरशी दिसली तर शक्य असेल ते कुशन गॅलरीत नेऊन मऊ ब्रशने झाडा, तोंडाला रुमाल बांधून. खोलीत झाडली तर ती सगळीकडे पसरते. मग ओलसर फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवा.

पुराचं पाणी

२०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना हे सांगायला नको, पण गावभागात किंवा सांगलीवाडीत नवीन राहायला आलेल्यांसाठी लिहितो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. पाणी ४० कडे चाललं की कुशन आधी वरच्या मजल्यावर न्या, सांगाडा नंतर.

सोफा बुडालाच तर उन्हात ठेवू नका. ओलं लेदर तापलं की आकसतं आणि कडक होतं. गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याने धुऊन काढा, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळू द्या आणि किंचित दमट असताना कंडिशनर लावा. पुराचं पाणी प्यालेला फोम मात्र टाकूनच द्यावा, त्यात गटाराचं पाणी असतं. लेदर फेकण्याआधी आम्हाला दाखवा. पुष्कळदा नवा फोम आणि नवा सांगाडा घालून तेच लेदर पुन्हा चढवता येतं.

डाग पडला तर

पाणी, चहा, सरबत लगेच टिपून घ्या, घासू नका. तेल किंवा तूप सांडलं तर टाल्कम पावडर पसरून रात्रभर ठेवा आणि सकाळी हलक्या हाताने झाडा. बॉलपेनची शाई आणि नव्या जीन्सचा निळा रंग यांवर घरी प्रयोग करू नका. नेलपॉलिश रिमूव्हर आणि स्पिरिटने शाईबरोबर सोफ्याचा रंगही निघतो, आणि मग आमचं काम डाग काढण्याऐवजी रंग जुळवण्याचं होऊन बसतं. खर्चही वाढतो.

आम्हाला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना तो दिवसाच्या उजेडात काढा, ट्यूबच्या उजेडात रंग फसवतो. काय सांडलं, कधी सांडलं आणि त्यावर आजवर काय काय लावून पाहिलं, ते सगळं लिहा. आधी काय लावलंय ते कळलं तरच त्यावर पुढचं काय चालेल ते ठरवता येतं, तेव्हा संकोच न करता सांगा.