ए.बी. रोड राजवाड्यावरून का जात नाही?

फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने इंदूरच्या ए.बी. रोडवरची बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, काढण्याचा आदेश दिला, तेव्हापासून इथल्या मराठी घरांतही ए.बी. रोडचा, म्हणजे जुन्या आग्रा-मुंबई (बॉम्बे) रस्त्याचा, विषय निघतोच. मार्गिका हवी होती की नको, हा वाद बाजूला ठेवू. मला त्याच्या फार आधीचं सांगायचंय. होळकरांच्या राजधानीतला हा सर्वांत मोठा रस्ता राजवाडा, सराफा, कृष्णपुरा या जुन्या इंदुरात शिरतच नाही. तो पूर्वेच्या अंगाने निघून जातो. कारण तो होळकरांसाठी आखलेला नव्हता.

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला इंग्रजांकडून होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह. सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख हातचा गेला. दुसरे मल्हारराव लहान होते. तात्या जोगांच्या कारभारात राजधानी इंदूरला आली आणि तिच्या पाठोपाठ, जुन्या शहराच्या पूर्वेला, इंग्रजांच्या प्रतिनिधीचं ठाणं, म्हणजे रेसिडेन्सी. जॉन माल्कमने वीस-बावीस किलोमीटरवर महूला छावणी वसवली. मुंबईहून पलटणी, दारूगोळा, टपाल आणायचं ते महूला आणि रेसिडेन्सीला. नकाशा समोर ठेवला की आखणीमागचा विचार लगेच कळतो. रेसिडेन्सीच्या आश्रयाने जो बाजार वाढला, ती आपली आजची छावणी, संयोगितागंज.

पण या रस्त्याला खरा पैसा पुरवला अफूने. माळव्याची अफू चोरवाटांनी राजपुतान्यातून कराची आणि दमणला जायची, त्यात ईस्ट इंडिया कंपनीला काहीच मिळत नसे. म्हणून १८३० पासून परवान्याची पद्धत आली: माल इंदूरच्या सरकारी काट्यावर तोलायचा, पेटीमागे कर भरायचा, मगच मुंबईची वाट धरायची. पेटी सुमारे ६३ किलोची. अफूचे गोळे खसखशीच्या वाळल्या पानांच्या भुग्यात नीट रचलेले, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांनी घेतला, कराचीची वाट बंद झाली आणि कर चढत गेला. पेट्या मुंबईत जहाजावर चढून चीनला जात. आपल्या शहरातल्या जुन्या सावकारीचा बराचसा पाया या व्यापारात आहे, आणि हे आपण मोकळेपणाने बोललं पाहिजे असं मला वाटतं.

मानपूरचा घाट उतरून, खलघाटला नर्मदा ओलांडून रस्ता सेंधव्याला पोचतो. तिथला बिजासन घाट म्हणजे होळकरांचं राज्य आणि इंग्रजांचा खानदेश यांची शीव. घाटाच्या राखणीला इंग्रजांनी भिल्ल नाईक नेमले होते. खाज्या नाईक त्यांतलाच. एका लुटारूच्या मृत्यूवरून त्याला नोकरीतून काढलं, तुरुंगात टाकलं, पुढे परत कामावर घेतलं. १८५७ मध्ये त्याने आणि भीमा नाईकाने शस्त्र उचललं आणि मुंबईला निघालेला सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीच्या लढाईत भिल्लांची मोठी हानी झाली. ज्यांना घाटाचा दगड न् दगड ठाऊक होता, त्यांनीच तो रोखला.

इंदुरात १ जुलै १८५७ ला होळकरांच्या फौजेतल्या सआदत खानाने रेसिडेन्सीवर हल्ला केला. तिथला इंग्रज प्रमुख कर्नल ड्यूरँड सीहोरकडे निघून गेला आणि त्याच रात्री महूचे शिपाईही उठले. पुढच्या वर्षी तात्या टोपे नर्मदेपलीकडे उतरले आणि नोव्हेंबरात त्यांच्या लोकांनी याच रस्त्यावर तारा तोडल्या आणि व्यापारी मालाच्या गाड्या लुटल्या. आग्रा-मुंबई तारयंत्राची ओळ याच वाटेने गेली होती.

मग दुसऱ्या तुकोजीरावांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. १८७० च्या दशकात रूळ इंदूरला आले, लांबचा माल गाडीवरून रेल्वेत गेला आणि रस्त्याचं महत्त्व ओसरलं. मोटारींनी ते परत आणलं. स्वातंत्र्यानंतर तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ झाला. दरम्यान शहर पूर्वेला सरकत पलासियापर्यंत आलं आणि रस्ता ओलांडून पुढे पसरलं.